हुबळीहून निघालेला प्रकाशकण

दाजीबानपेठ ही हुबळीतील गजबजलेली पेठ. तेथून धारवाड सुमारे २० किलोमीटर. एवढ्या अंतरात काचतंतूतून प्रकाशाचे १०० कण एकेक करून सोडले, तर पलीकडे सुमारे ४० पोहोचतात. तीच वाट पुण्यापर्यंत, म्हणजे ४०० किलोमीटरांहून अधिक वाढविली, तर कोटी कणांमागे एकही हाती लागण्याची शाश्वती नाही.

श्रोतेहो, या हिशेबाचे महत्त्व कळण्यास थोडे मागे गेले पाहिजे. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे संशोधकांचे संगणकजाळे आरंभिले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि पाच आयआयटी त्यात होत्या. सेकंदाला ९,६०० बिटे वाहणाऱ्या तारेवरून दहा लक्ष रोमन अक्षरे धाडावयाची, तर चौदा मिनिटे लागत. तरीही ते केवढे अप्रूप होते!

२०१० साली राष्ट्रीय ज्ञानजाळ्यास मंजुरी मिळाली आणि वेग कित्येक लाख पटींनी वाढला. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील कणांच्या टकरींची नोंद मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊ लागली. मात्र तार रुंद झाली म्हणून कोंडी सुटतेच असे नाही. रस्त्याचेही तसेच असते. म्हणून अमेरिकेच्या ‘ईएसनेट’ या विज्ञानजाळ्यावर मागील रहदारी अभ्यासून पुढील कोंडी आधीच ओळखणारी, स्वतः शिकणारी यंत्रबुद्धी वापरून पाहण्यात आली.

क्वांटम जाळ्याची गोष्ट याहून बिकट. तेथे गुप्त किल्लीचा एकेक अंक एकेका प्रकाशकणावर स्वार असतो. कोणी तो मध्येच पाहिला, तर खूण उमटते. पेठेतील हुंडीपेक्षा हा बंदोबस्त कडक, पण नाजूकही तितकाच. कारण निसर्गनियमाने या कणाची नक्कल होत नाही, आणि म्हणून वाटेत त्याला बळ देणारे साधे वर्धक बसविता येत नाहीत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ व दिल्ली आयआयटी यांनी प्रयागराज ते विंध्याचल, १०० किलोमीटरांहून अधिक अंतरावर, अशी किल्ली धाडून दाखविली. २०२३ साली ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेने २,००० किलोमीटरांचे ध्येय ठेवले. ऊन तापले वा वरून मालमोटार गेली, तरी तंतूतील प्रकाशाची दिशा ढळते. ती ढळण्याची रीत शिकून वेळीच सावरणे, हे काम यंत्रबुद्धी करू शकते. हरवलेला कण मात्र तिला परत आणता येत नाही. त्यासाठी हवी असलेली पुनरावर्तके अद्याप प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहेत.