गिअरबॉक्सची पुनर्बांधणी (जुन्या मोटारींची)

जुन्या मोटारीचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलणे, झिजलेले भाग बदलणे किंवा नव्याने घडवणे आणि पेटी पुन्हा भरणे, या कामाला गॅरेजमध्ये ‘ओव्हरहॉल’ म्हणतात. गाडीचे उत्पादन थांबून सुट्या भागांचा साठाही आटला, की हे काम फिटरइतकेच टर्नरचेही होते.

प्रीमियर पद्मिनी हे त्याचे जवळचे उदाहरण. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही फियाट ११०० डिलाइट १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या मात्र अजून धावतात. तिच्या ‘हँड गिअर’चा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो. चारपैकी वरच्या तीन गिअरांना सिंक्रो आहे, पहिल्याला नाही. गाडी थांबण्याआधीच पहिला टाकण्याची सवय असली, की दातांचे कोपरे गोलावतात.

पेटी खोलण्याआधी तिची तक्रार ऐकावी लागते. न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबताच थांबली, तर संशय इनपुट किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. गिअर पडताना खरखरला तर सिंक्रोची पितळी रिंग तपासतात: ती गिअरच्या शंकूवर हाताने दाबून पिळायची आणि मधली फट फीलर गेजने मोजायची. फट उरली नसेल, तर रिंग संपली. सगळेच गिअर ढिले लागत असतील, तर दोष पेटीबाहेर, दांड्यांच्या बुशांत असू शकतो. फॉस्फर ब्राँझचे बुश लेथवर तासाभरात निघतात.

दात घडवणे त्याहून अवघड.

रिव्हर्सचा आयडलर बहुधा सरळ दातांचा असतो आणि सरकवून अडकवला जातो, त्यामुळे त्याच्या कडा आधी तुटतात. समजा, तुटक्या गिअरचे दात २४ आणि बाहेरचा व्यास ६५ मिलिमीटर. दातांत २ मिळवून व्यासाला भागले, की मॉड्यूल मिळते २.५. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हाच हिशेब इंची डायमेट्रल पिचमध्ये करावा लागतो. मग ईएन ३५३सारख्या पोलादाचा तुकडा टर्न करून हॉबिंग मशीनवर दात कापतात. सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या वर कार्बन मुरवून तेलात विझवल्यावर दातांची कातडी कडक होते आणि गाभा चिवट राहतो. नुसत्या कडक पोलादाचा दात धक्क्याने तुटला असता. उष्णतेने भाग किंचित वाकतो, म्हणून भोक आधी थोडे लहान ठेवून शेवटी ग्राइंड करतात.

भरताना शाफ्टचा प्ले डायल गेजवर पाहून शिम घालतात. पितळी रिंगा असलेल्या पेटीत जीएल-४ दर्जाचे तेल घालावे. जीएल-५ तेलातली गंधकयुक्त रसायने पितळाला खाऊ शकतात. पहिले तेल काही शे किलोमीटरनंतर काढतात आणि त्यात पितळेची चमक किंवा लोखंडी कीस दिसतो का, हे उजेडात धरून पाहतात.