पडद्याआडचे ध्वनिशिल्पी

पॉडकास्ट ऐकणाऱ्यास बोलणाऱ्याचे नाव ठाऊक असते. संभाषणातील पाल्हाळ छाटून, खोकला-खाकरणे पुसून, योग्य स्थळी क्षणभर शांतता राखणाऱ्या संकलकाचे नाव मात्र त्याच्या कानी क्वचितच पडते. ही उपेक्षा आजची नव्हे. नभोवाणीच्या ध्वनिशाळांतही ती नांदत होती. डेलिया डर्बीशायर या इंग्रज विदुषीची हकीकत तिचा बोलका दाखला होय.

केंब्रिज येथे गणित व संगीत शिकलेल्या डेलियाबाईंना १९५९ साली डेका कंपनीने, ध्वनिमुद्रणगृहात आम्ही स्त्रिया नेमीत नाही, असे उत्तर दिले. पुढे त्या बीबीसीत लागल्या आणि १९६२ साली तेथील ‘रेडिओफॉनिक वर्कशॉप’मध्ये आल्या. नाटकांना व कार्यक्रमांना अपूर्व ध्वनी पुरविण्यासाठी ही शाखा १९५८ साली निघाली होती.

१९६३ साली ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी-मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी एक धून कागदावर लिहून दिली. ती नादरूपास आणली डेलियाबाईंनी. छेडलेल्या तारेचा झंकार आणि विद्युत्-यंत्रांतून निघणारे नाद त्यांनी ध्वनिफितीवर मुद्रित केले, फितीची गती पालटून स्वरांची उंची साधली आणि एकेक स्वर मोजून, कापून, जोडला. सेकंदास १५ इंच धावणाऱ्या फितीवर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा! या खटाटोपात डिक मिल्स हे त्यांचे साहाय्यक होते.

ते रूप ऐकून थक्क झालेल्या ग्रेनर यांनी सहरचनाकार म्हणून बाईंचे नाव घालावे, अशी इच्छा दर्शविली. परंतु वर्कशॉपच्या कर्मचाऱ्यांनी अनामिक राहावे, असा बीबीसीचा दंडक होता. श्रेय शाखेस मिळाले, व्यक्तीस नाही.

आपणां सरकारी सेवकांस ही रीत परकी नाही. टिपणी एकाने लिहावी, स्वाक्षरी दुसऱ्याने करावी, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. तेथे ती योग्यही आहे, कारण शासनाच्या निर्णयाची जबाबदारी शासनानेच घ्यावयाची असते. कलाकृतीची गोष्ट वेगळी. तिच्यात करणाऱ्याचा कान व हात उतरलेला असतो. जबाबदारी संस्थेची म्हणून कर्तृत्वही संस्थेचेच, हा न्याय तेथे लागू पडत नाही.

डेलियाबाईंचे नाव त्या मालिकेच्या श्रेयनामावलीत पडद्यावर प्रथम झळकले ते २०१३ साली, मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी भागात. त्या २००१ सालीच निवर्तल्या होत्या. आज फीत व ब्लेड जाऊन संगणक आला आहे. पण कुठे कापावे आणि कुठे थांबावे, हे अजूनही कोणा माणसाचा कानच ठरवितो. त्याचे नाव उच्चारावयास काही क्षण पुरतात. ते त्याच्या हयातीतच उच्चारले जावे.