ओट्यावरचं भांडण: नारायणराव की केशवराव?

लेड झेपलिन मोठे की डीप पर्पल, हा तुमचा वाद मध्येच तोडतोय, राग मानू नका. तुमचा मित्र मोबाइलवर पुरावा शोधतोय, त्याला शोधू दे. तुम्ही तेवढा चहाचा कप खाली ठेवा आणि माझ्याबरोबर चला. लांब जायचं नाही. पेठ हीच, शनिवार. साल मात्र 1921, आणि महिना श्रावणाचा.

फरक सगळ्यात आधी पायांना कळतो. डांबर गेलं. पुणेरी जोड्यात गार चिखल शिरला आणि बोटांमध्ये पचपचला. अंगावर बँडचं नाव छापलेला काळा टी-शर्ट होता, तिथे आता बंद गळ्याचा कोट आहे. चार दिवस पावसात नीट न वाळल्यामुळे त्याला कुबट वास येतोय. धोतर मी नेसवून दिलंय, पण चालताना जपा. काष्टा सुटला तर सावरायला कुणी येणार नाही, हसायला मात्र अख्खी आळी जमेल.

आता श्वास घ्या. टांग्याच्या घोड्याची लीद, ओल्या सरपणाचा धूर, कंदिलातलं रॉकेल. वारा ओंकारेश्वराच्या बाजूने आला की फुगलेल्या मुठेचा मातकट वास. श्रावणी शनिवार असल्यामुळे कोपऱ्यावरच्या मारुतीपुढे तेलाच्या वाट्या घेऊन रांग लागलीय, रुईच्या पानांच्या माळांचा ढीग पडलाय आणि घंटा थांबायचं नाव घेत नाही. मोटारीचा आवाज नाही, त्यामुळे घंटा संपताच माणसांचे आवाज फार स्पष्ट येतात. वाड्याच्या दिंडीआडून येणारा तो कलकलाट मारामारीचा वाटतो ना? घाबरू नका. गाण्यावरून चाललंय.

ओट्यावर जागा करून घ्या. घोंगडी ओली आहे, कोपऱ्यावर टेका. कंदिलाभोवती पाखरं घुमतायत. तपकिरीची डबी या हातातून त्या हातात फिरते आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी दणदणीत शिंकतं. सुपारीवर अडकित्ता कटकट वाजतोय. भांडणाला त्याच्याइतका चांगला ठेका दुसरा नाही.

"काय हो पाहुणे, तुम्ही कुणाकडचे?"

प्रश्न तुमच्या गावाचा नाही. इथे पक्ष तीन. पहिला नारायणराव राजहंसांचा, म्हणजे बालगंधर्वांचा, गंधर्व नाटक मंडळीचा. दुसरा केशवराव भोसल्यांचा, ललितकलादर्शचा. तिसरा पक्ष लहान पण आगाऊ: बळवंत संगीत मंडळीतल्या दीनानाथ मंगेशकरांचा. त्यांचं वय वीस, आणि त्यांच्या पक्षातल्या पोरांचंही साधारण तेवढंच. तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना? मंडळी म्हणजे बँडच. गावोगाव मुक्काम, स्वतःचे वादक, मालकांची भांडणं, फुटून निघणं. किर्लोस्कर मंडळीतून नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि 1913 साली गंधर्व मंडळी उभी राहिली, तेव्हा या ओट्यावर म्हणे दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. पुढे टेंबेही निघून गेले. 1918 साली दीनानाथांनी किर्लोस्कर सोडली. फुटलेल्या प्रत्येक मंडळीबरोबर ओट्याचाही एक तुकडा फुटला.

आजची ठिणगी मुंबईची आहे. महिन्यापूर्वी, 8 जुलैला, टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन्ही मंडळींनी मिळून 'मानापमान' केलं. नारायणराव भामिनी, केशवराव धैर्यधर. तिकिटं महाग, तरी नाटकगृह तुडुंब. ओट्यावरच्या दोघांनी रेल्वेने जाऊन ते पाहिलं, आणि दुर्दैव असं की दोघं दोन पक्षांचे.

"भामिनीनं तोंड उघडलं आणि संपलं! धैर्यधर कुठे राहिला?" पोस्टातले कारकून म्हणतात.

"कुठे राहिला? गॅलरीतल्या शेवटच्या माणसाच्या कानात राहिला! तुमचे नारायणराव पहिल्या चार रांगांसाठी गातात हो. केशवरावांचा स्वर छपराला लागून परत येतो."

"छपराला लागायला तो काय चेंडू आहे?"

पोरं खिदळतात. वन्समोअर कुणाला जास्त मिळाले यावर गाडी येऊन अडते. दोघंही मोजत बसले होते, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. तुमचा हात सवयीने खिशाकडे जातो. तिथे रुमाल आहे आणि दोन आणे.

इथे पुरावा गळ्यातूनच द्यावा लागतो.

बघा, कारकूनसाहेब सावरून बसले. ते संध्याकाळी भास्करबुवा बखल्यांच्या भारत गायन समाजात शिकायला जातात, त्यामुळे आवाज बेताचा असला तरी सूर पक्का. ते 'स्वयंवर' नाटकातल्या रुक्मिणीचं एक पद धरतात. चाल बुवांचीच. एकजण पितळी डब्याच्या झाकणावर ठेका धरतो. पहिल्या ओळीत सगळे गप्प. दुसऱ्या ओळीवर एक छोटी हरकत, अगदी अलगद, आणि समेवर असं येणं की ओट्यावरच्या सगळ्या माना एकदम हलतात. विरोधकांच्याही. तपकीरवाले काका डोळे पुसतात. तपकिरीमुळे, असं ते सांगतात.

"बघितलंत? शब्द कुठे तुटला? ताल कुठे सुटला?"

विरोधी पक्षाला आता गाऊनच उत्तर द्यायला हवं. त्यांचा वकील धिप्पाड आहे. तो वरच्या सुरात जी आरोळी ठोकतो, तिने गोठ्यातली गाय उठून उभी राहते. दोन ओळी झकास जातात. तिसरीत आवाज फाटतो. ओट्यावर हशा पिकतो आणि केशवरावांचा खटला त्यांची काहीएक चूक नसताना खाली पडतो. दीनानाथवाला पोरगा संधी साधून 'भावबंधन'मधल्या लतिकेच्या पदावर उडी घेतो, तान घेतो, तानेत स्वतःच हरवतो आणि समेला पोचेपर्यंत डबा थांबलेला असतो.

"लेका, तान घेतलीस की जिन्यावरून पडलास?"

अन्याय आहे खरा. कुणाचा लाडका गवई किती मोठा, हे ठरायचं त्याच्या भक्ताला किती गाता येतं त्यावर. पण त्यामुळे एक फायदा झाला. या ओट्यावर नुसती मतं ठोकणारा टिकत नसे. निदान चार पदं चालीसकट पाठ असल्याशिवाय त्याला कुणी सुपारीसुद्धा पुढे करत नसे.

कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले आजोबा अजून बोललेले नाहीत. ते वाट बघतायत. तुमच्याकडेही असा एक असतोच, ज्याच्या मते सत्तरनंतर संगीतच झालं नाही. हे त्याचे पूर्वज. 1880 साली याच पुण्यात, आनंदोद्भव नाट्यगृहात, अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पहिल्यांदा झालं तेव्हा ते विशीत होते.

"तुम्ही भाऊरावांना ऐकलंत?" ते शांतपणे विचारतात.

भाऊराव कोल्हटकर 1901 सालीच गेले. ऐकलेलं असायला निम्मा ओटा पाळण्यात होता.

"मग बसा चावत सुपारी. सुभद्रा एकच झाली, भाऊरावांची."

यावर उत्तर नाही. म्हाताऱ्याला गायला सांगायची कुणाची हिंमत नाही, आणि दात पडल्यामुळे त्याला गाता येतही नाही. पुराव्याविना खटला जिंकणारा ओट्यावर हा एकटाच.

एवढ्यात माजघराच्या दाराआडून बांगड्या वाजतात. "'एकच प्याला'त ठिगळाचं लुगडं नेसून उभी राहिली ना ती सिंधू, तिच्याबद्दल कुणी बोलेल का? नुसत्या ताना मोजताय मघापासून." काकूंचा आवाज. त्या ओट्यावर येणार नाहीत, ओटा पुरुषांचा. पण त्यांनी बायकांच्या बाजूला बसून ते नाटक पाहिलंय, आणि आळीतल्या निम्म्या बायका नारायणरावांसारखा खोपा घालतात, त्यांच्यासारखा पदर घेतात. पुरुषाकडे बघून बायका नटायला शिकल्या, याचं ओट्याला नवल वाटत नाही. तुम्हाला वाटतंय, ते चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

एक मात्र ऐकून समजणारं नाही. त्यासाठी तुम्हाला नाटकालाच न्यायला हवं. काळ आपल्याच हातात आहे, तेव्हा गंधर्व मंडळीचा मुक्काम पुण्यात असेल अशी एखादी रात्र धरू. बुधवारात, किर्लोस्कर नाट्यगृहात.

दारात रेटारेटी. कुणाचं तरी कोपर बरगडीत, कुणाचा जोडा तुमच्या अंगठ्यावर. आत शिरलात की उकाडा तोंडावर येतो: शेकडो माणसं, गॅसबत्त्या, बंद खिडक्या. घाम, पान, विडी, मोगऱ्याचे गजरे. खुर्चीवर बसताच मांडीला काहीतरी चावतं. ढेकूण. तो जुना प्रेक्षक आहे, तुमच्याआधीपासून जागा धरून बसलाय. वर बायकांच्या बाजूला एक मूल रडतं, त्याला गप्प करणारे चाळीस आवाज उठतात. मग तिसरी घंटा होते, धुपाचा वास येतो, ऑर्गनचा लांब सूर निघतो, त्यात सारंगी मिसळते, आणि पडदा वर जाताना अत्तराची एक लाट थेट तुमच्यापर्यंत येते. गंधर्व मंडळीच्या नाटकाला अत्तर शिंपडलेलं असतं. खरी जर, खरं मखमल, उंची शालू. या थाटापायी मंडळी कर्जात रुतत जाणार आहे, पण त्याची काळजी आज कुणाला!

रुक्मिणी येते. तिशी ओलांडलेला, लेकुरवाळा पुरुष आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. पाच मिनिटांत ते तुम्ही विसरता. पद सुरू होतं. ग्रामोफोनच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. इथे तीन मिनिटांत मुखडाच रंगतोय. पद संपतं, छप्पर उडेल अशी आरोळी उठते: वन्समोअर! आणि रुक्मिणी कथानक तिथेच सोडून पुन्हा तेच पद घेते.

तेच? नीट ऐका. मघाशी जिथे सरळ गेले होते तिथे आता वळण आहे. एक शब्द लांबवलाय, एक जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय, समेवर येणं वेगळं. पुन्हा वन्समोअर, पुन्हा तिसरंच काही. रात्रीचे दोन वाजतात आणि कृष्ण अजून रुक्मिणीला न्यायला आलेला नाही.

ओट्यावर कुणाचं कुणाशी का जुळत नाही, ते आता ध्यानात आलं असेल. शनिवारी गेलेल्यानं एक पद ऐकलेलं असायचं, बुधवारी गेलेल्यानं दुसरं, आणि दोघंही त्याला एकाच नावाने हाक मारायचे. पहिल्या वन्समोअरच्या वेळी जो सोडा प्यायला बाहेर गेला होता, त्याचा तर वेगळाच पक्ष. पडताळून बघायला मूळ प्रत कुठे होती? तुमच्या आवडत्या बँडची तबकडी पुण्यात आणि लंडनमध्ये तीच वाजते, म्हणून तुमचे वाद आवडीनिवडीवर येऊन संपतात. यांचे वाद आधी काय घडलं यावरच सुरू राहायचे, आणि मला ते जास्त रसाळ वाटतात.

ओट्यावर परत आलात की एक पथ्य पाळा. येत्या 4 ऑक्टोबरला केशवराव विषमज्वराने जाणार आहेत, वय एकतीस. हे तुम्हाला माहीत आहे आणि ओट्याला नाही. धिप्पाड गडी उद्यासाठी आवाज राखायला खडीसाखर चघळत बसलाय. त्याला काही सांगू नका. ते 'संयुक्त मानापमान' मनासारखं झालं म्हणून त्याला पुढच्या प्रयोगाचे वेध लागलेत.

मला कौल विचाराल तर तो केशवरावांना. ऐकलेलं काहीच नाही, निव्वळ ओट्यावर हरलेल्या पक्षाची बाजू घ्यायची खोड म्हणून. बाकी पुढे तिघांचीही नावं इमारतींना लागली: नारायणरावांचं रंगमंदिर नदीपलीकडे, केशवरावांचं नाट्यगृह कोल्हापुरात, दीनानाथांचं विलेपार्ल्यात. आजोबांच्या भाऊरावांचं काय झालं म्हणून मला विचारू नका, आजोबा ऐकतायत.

भारत गायन समाज मात्र आजही शनिवार पेठेत आहे आणि तिथे गाणं शिकवतात. कोण मोठं, हा वाद घालायचाच असेल तर आधी तिथे जाऊन एक पद बसवून घ्या, आणि मग बोला.