‘अंगावरून पांढरं जातं’: एका तक्रारीचा इतिहास

मराठीत या तक्रारीला शब्द कमी नाहीत. पांढरं पाणी जाणं, अंगावरून पांढरं जाणं, धुपणी. वैद्यांकडे गेलात तर श्वेतप्रदर. तुम्ही परदेशात वाढला असाल तर यातले बरेचसे शब्द तुमच्या कानावर आलेच नसतील, कारण हे मोठ्याने बोलायचे शब्द नव्हते. बहीण-बहिणीत, जावा-जावांत, दार लोटून बोलायचे. तुमच्या हाताशी त्याऐवजी दुसरा शब्द आहे: यीस्ट इन्फेक्शन. आणि फार्मसीच्या शेल्फवर त्याची ट्यूबही आहे.

या दोन्ही शब्दसंग्रहांत एक गोची आहे. बाई जे सांगते आणि तिला जे झालेलं असतं, ते नेहमी जुळतंच असं नाही. वैद्यकाला हे कळायला फार उशीर लागला, आणि ते कळण्यात महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या बायकांचा मोठा वाटा आहे. आज तीच गोष्ट बघू.

आधी जंतू सापडले

1836 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड दोने या डॉक्टरने बायकांच्या योनीतला स्राव मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि त्यात वळवळणारा एक जीव पाहिला. तो ट्रायकोमोनास. 1892 मध्ये जर्मनीत आल्बर्ट डोडरलाइन यांनी उलटी बाजू दाखवली: निरोगी योनीतही बॅक्टेरिया असतात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे बाकीचे जंतू दबून राहतात. म्हणजे थोडा स्राव असणं हा आजार नाही. योनीचं ते रोजचं काम आहे. पाळीच्या चक्रानुसार तो कमी-जास्त होतो, पातळ-घट्ट होतो.

हे समजल्यावरसुद्धा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत लायसॉलसारखी जंतुनाशकं ‘स्त्रियांच्या स्वच्छते’साठी म्हणून विकली जात होती. बायका ती पाण्यात मिसळून आत धूत होत्या. त्याने आतली कातडी भाजायची आणि रक्षण करणारे बॅक्टेरियाही धुऊन जायचे.

खरी औषधं आली ती 1950 च्या आसपास. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघी काम करत होत्या, एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. नमुने टपालाने इकडून तिकडे जायचे. व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून त्यांनी बुरशी मारणारं औषध शोधलं आणि राज्याच्या नावावरून त्याला निस्टॅटिन म्हटलं. 1955 मध्ये ह्यूस्टनच्या गार्डनर आणि ड्यूक्स यांनी तिसरा प्रकार वेगळा काढला, ज्याला आज आपण बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतो. आणि 1960 च्या सुमारास फ्रान्समधून मेट्रोनिडाझोल आलं. तुमच्या आईच्या औषधांच्या डब्यात पोट बिघडल्यावर घ्यायची ‘फ्लॅजिल’ असेल. तीच ही गोळी. तिचा पहिला उपयोग पोटासाठी नव्हता, ट्रायकोमोनाससाठी होता.

थोडक्यात, 1960 पर्यंत तीन मुख्य जंतू माहीत होते आणि औषधंही हाताशी होती. मग राहिलं काय? विचारणं राहिलं.

गडचिरोली: आजार आहे, तक्रार नाही

भारतात तेव्हा सरकारी कार्यक्रमांत ‘स्त्रीचं आरोग्य’ म्हणजे मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंब नियोजन. लाल त्रिकोण आणि ऑपरेशनचं टार्गेट. त्यापलीकडे खेड्यातल्या बाईला काय होतं, हे कुणी मोजलंच नव्हतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केल्यावर हे काम हाती घेतलं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायका-मुलींची तपासणी झाली. फक्त प्रश्नावली भरून घेतली नाही, तर आतून तपासणी आणि लॅबच्या टेस्टही केल्या. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: 92 टक्के जणींना एक किंवा अधिक स्त्रीरोग. या आकड्यात पाळीच्या तक्रारीही धरल्या होत्या, पण जवळजवळ निम्मा भार इन्फेक्शनचा होता. आणि त्याआधी अशी तपासणी व उपचार मिळालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के.

जगाने 92 हा आकडा लक्षात ठेवला. मला त्याच निबंधातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. तक्रार फक्त 55 टक्के जणींनी सांगितली होती. म्हणजे बऱ्याच बायकांना आजार होता आणि त्यांच्या लेखी तो आजारच नव्हता. बाईच्या जातीला हे असायचंच, असं धरून त्या शेतावर जात होत्या.

1994 च्या कैरो परिषदेत लोकसंख्या आवरण्याऐवजी प्रजनन आरोग्याची भाषा आली, 1997 मध्ये भारताचा नवा कार्यक्रम आला. त्या वळणामागे जे पुरावे होते, त्यात या दोन गावांचाही पुरावा होता.

गोवा: तक्रार आहे, इन्फेक्शन नाही

पण खेडोपाडी लॅब कुठून आणणार? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सोपी वाट काढली: लक्षण ऐका आणि त्याला शक्य असलेल्या सगळ्या जंतूंची औषधं द्या. भारतात त्याची रंगीत पाकिटं झाली. योनीच्या इन्फेक्शनचं पाकीट हिरवं.

मग गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे 2500 बायकांचा अभ्यास केला. 2005-06 मध्ये छापून आलेले निष्कर्ष चक्रावणारे होते. ‘पांढरं जातं’ या तक्रारीचं नातं जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी आणि नैराश्याशी जास्त घट्ट निघालं. खुद्द बायकांना कारण विचारलं तर अनेकींनी सांगितलं: टेन्शन, किंवा अंगातली उष्णता.

याचा अर्थ ‘सगळं मनाचे खेळ’ असा घेऊ नका. घरात जाच असेल, झोप नसेल, रडायची सोय नसेल, तर डॉक्टरला सांगता येण्यासारखी तक्रार कोणती? कंबर दुखते, थकवा आहे, पांढरं जातं. शरीराची भाषा तेवढी परवानगीची होती. अशा बाईच्या हातात हिरवं पाकीट दिलं की तिला अँटिबायोटिक मिळतं, पण तिची गोष्ट तशीच राहते.

जॉर्जिया: तक्रार आहे, पण नाव चुकीचं

आता तुमच्याकडे वळू. अमेरिकेत 1990 च्या शेवटी यीस्टची क्रीम्स चिठ्ठीशिवाय मिळायला लागली. सोय मोठी झाली. पण 2002 मध्ये छापलेल्या जॉर्जियातल्या एका अभ्यासात, स्वतःच निदान करून ही औषधं विकत घेतलेल्या 95 बायकांना तपासलं, तेव्हा नुसतं यीस्ट निघालं जेमतेम एक तृतीयांश जणींना. काहींना बॅक्टेरियल व्हजायनोसिस होतं, काहींना मिश्र इन्फेक्शन, काही अगदी निरोगी होत्या. शिकलेल्या, इंग्रजी लेबल वाचणाऱ्या बायका. पण हाताशी एकच शब्द असला की सगळं त्याच शब्दात बसवलं जातं.

म्हणून फरक माहीत असू द्या. दह्यासारखा घट्ट स्राव आणि भयंकर खाज असेल, वास विशेष नसेल, तर यीस्टची शक्यता जास्त. पातळ, राखाडी, माशासारखा वास म्हणजे बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस; त्यावर यीस्टचं क्रीम चालत नाही. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो. तो संबंधांतून पसरतो आणि जोडीदारालाही औषध लागतं. पण ही झाली अंदाजाची भाषा. पहिल्यांदाच होत असेल, क्रीमने जात नसेल, परत परत होत असेल, गरोदर असाल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल तर टेस्ट करून घ्या. साध्या स्वॅबने कळतं. आणि आत साबण, सुगंधी वॉश, काही म्हणजे काही घालू नका.

राणी बंग यांच्या बायकांच्या आरोग्यावरच्या मराठी पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे. पुढच्या वेळी भारतात फोन कराल तेव्हा आईला, मावशीला एवढं विचारून बघा: ‘तुला कधी असं झालं होतं का? आणि डॉक्टरांनी तपासलं होतं, की नुसत्याच गोळ्या दिल्या?’ पहिल्यांदा ती विषय बदलेल. लगेच फोन ठेवू नका.