कामावर जायला महिन्याला किती लागतात? पास, निम्मे तिकीट की गाडी, हिशोब असा घाला

पगार १२ हजार ठरला म्हणजे १२ हजार घरात येत नाहीत. जायचे-यायचे पैसे त्यातूनच जातात. ते रोज सुट्टे जातात म्हणून कुणी एकत्र मांडत नाही, आणि महिनाअखेरीला पैसे गेले कुठे म्हणून घरात वाद होतो.

उदाहरणाला तासगाव ते सांगली घेऊ. अंतर साधारण २५ किलोमीटर, महिन्याच्या हजेऱ्या २६. एसटीचे एकेरी तिकीट हिशोबाच्या सोयीसाठी ५० रुपये धरले आहे, आपल्या गावचा आकडा त्या जागी टाकावा. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आहे, तेव्हा जुना आकडा धरू नये. भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. टप्प्याची हद्द आपल्या फाट्याजवळ असेल तर एक स्टॉप पुढे चालत जाऊनही पैसे वाचतात. कंडक्टरला विचारून घ्यावे.

रोज तिकीट काढले तर दिवसाला १००, महिन्याला २,६०० रुपये. मासिक पासाला २० दिवसांचे भाडे घेतात आणि ३० दिवस प्रवास होतो, म्हणजे २,००० रुपये. त्रैमासिक पासाला ५० दिवसांचे भाडे भरून ९० दिवस मिळतात. एकदम ५,००० लागतात, पण महिन्याला १,६६७ च पडतात. अडचण एकरकमी पैशाची आहे, ते ऊसबिलाच्या किंवा बोनसच्या वेळी जमते. सुगीत रजा पडणार असतील तर आधी दिवस मोजावेत. महिन्यात २० हजेऱ्याही भरणार नसतील तर मासिक पास तोट्यात जातो.

बायकांचा हिशोब वेगळा आहे आणि इथेच पुष्कळ घरांत चूक होते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. २६ दिवस निम्म्या तिकिटाने गेले तर १,३०० रुपये होतात. पूर्ण दराचा त्रैमासिक पाससुद्धा त्याहून महाग पडतो. नवऱ्याने पास काढला म्हणून बायकोनेही तसाच काढायची गरज नाही.

आता गाडी. लिटरला ५० चे ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर महिन्याला २,७३० नुसते पेट्रोल. बहुतेक जण इथेच थांबतात. पण महिन्याला १,३०० किलोमीटर पळणाऱ्या गाडीला ऑईल, टायर, चेन सेट, पंक्चर हेही लागते. ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे. हे सगळे धरून महिन्याला ६०० तरी ठेवावे लागतात. एकूण ३,३३०, म्हणजे १२ हजारांतला चौथा हिस्सा रस्त्यावरच गेला. दोघांनी मिळून एक गाडी नेली तर माणशी १,६६५ पडतात, त्रैमासिक पासाएवढेच. तिसरा मात्र बसवू नये.

वडापला पास नाही की सवलत नाही, गाडी भरेपर्यंत थांबावे लागते ते वेगळेच. उशीर होऊन अर्धी हजेरी कापली गेली तर तोही खर्चच.

दुसऱ्या पाळीवाल्यांचे हे सगळे गणित मोडते. रात्री सुटल्यावर गावाकडे बस नसते, मग गाडीशिवाय इलाज नाही. काम धरतानाच पाळी कोणती आणि कंपनीची गाडी कुठपर्यंत येते ते विचारावे. हजार रुपये जास्त पगाराची रात्रपाळी गाडीखर्च वजा केल्यावर कमी भरू शकते.

पगारातून ईएसआय कापत असतील तर आणखी एक गोष्ट माहीत असावी. घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघात, वेळ-ठिकाणाचा कामाशी संबंध दिसला तर, कामावरचाच अपघात धरला जातो. तशी तरतूद कायद्यात आहे. अपघात झाल्यास ठेकेदाराला त्याच दिवशी लेखी कळवावे, नुसत्या फोनवर भागवू नये.