उंच चालकांनी ऑफ-रोड गाडी अंगाला कशी जुळवावी? पांदणीपासून उटनूरच्या डोंगरापर्यंत उपयोगी पडणारी माहिती

आदिलाबाद : राष्ट्रीय महामार्ग ४४ सोडून बेला, जैनद, तामसी किंवा भीमपूरकडे वळले की डांबर संपते आणि काळी माती सुरू होते. पावसाळ्यात चिखल असतो. तो वाळला की बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूरकडे गेले तर चढ-उतार, मुरूम आणि सुटे दगड. अशा वाटांमुळे ऑफ-रोड प्रकारच्या गाड्या घेणारे वाढले. पण सहा फूट किंवा त्याहून उंच चालकाची तक्रार ठरलेली असते : गुडघे आखडतात, कंबर धरते, उभे राहून चालवताना हँडल फार खाली वाटते.

दोष गाडीचा नसतो. कंपनी मधल्या उंचीचा चालक धरून मापे ठरवते. हीरो एक्सपल्स २०० ४व्ही ची सीट जमिनीपासून ८२५ मिमी आहे, तिच्याच प्रो मॉडेलची ८९१ मिमी. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयन ४११ ची ८०० मिमी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ किंवा ८४५ मिमीवर बसवता येते. स्पर्धेच्या एन्ड्युरो गाड्यांची सीट ९५० मिमीच्या आसपास असते.

तीन जागा लक्षात ठेवा

अंग गाडीला तीन ठिकाणी टेकते : सीट, फूटरेस्ट आणि हँडल. सीट ते फूटरेस्ट अंतर कमी पडले की गुडघा दुखतो. फूटरेस्ट ते हँडल उंची कमी पडली की उभे राहताना पाठ वाकते. म्हणून आधी दुखते कुठे ते बघा, मग पाना हातात घ्या. गुडघ्याच्या दुखण्यावर हँडल उंच करून काही फरक पडत नाही.

ऑफ-रोडमध्ये उभे राहणे महत्त्वाचे. खड्ड्यात, चाकोरीत, नाला ओलांडताना वजन फूटरेस्टवर असले तर गाडी पायाखाली हलते, चालक हलत नाही. उंच माणूस वाकून उभा राहिला की वजन हातांवर येते, पुढचे चाक जड होते आणि चिखलात तेच आधी घसरते. कंबरदुखी ही पुढची गोष्ट, आधी तोल जातो. त्यामुळे माप जुळवायचे ते उभ्या अवस्थेत.

आधी बिनखर्चाचे काम

गाडी सपाट जागेवर लावा. एकाने पुढून धरावी, चालकाने बूट घालून फूटरेस्टवर उभे राहावे. गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर. हात सहज खाली सोडून हँडल धरता आले पाहिजे. त्यासाठी कमरेत फार वाकावे लागत असेल तर हँडल कमी पडते आहे.

१) हँडलचे क्लॅम्प सैल करून हँडल थोडे पुढे-वर फिरवा. मागे ओढू नका, उंच माणसाचे कोपर अंगाला चिकटतात.
२) क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली झुकवा. उभे असताना मनगट सरळ राहिले पाहिजे.
३) गिअर लिव्हर दात्यावरून एक घर वर-खाली करून बघा. मोठ्या मापाच्या बुटाचा पंजा त्याखाली सहज गेला पाहिजे.
४) मागच्या ब्रेकचे पेडल बुटाच्या तळव्याच्या रेषेत आणा. नंतर पेडलची मोकळी चाल तपासा, नाहीतर ब्रेक घासत राहील.
५) मागच्या शॉकअपचा प्रीलोड वजनाप्रमाणे लावा. दोघांनी गाडी मागून उचलून चाक लोंबते ठेवा आणि चाकाच्या एक्सलपासून सरळ वर एका खुणेपर्यंत माप घ्या. मग चालक बसवून तेच माप पुन्हा घ्या. फरक शॉकअपच्या एकूण चालीच्या साधारण तिसरा हिस्सा हवा. एक्सपल्स २०० ४व्ही ची मागची चाल १७० मिमी आहे, म्हणजे ५० ते ५५ मिमी. याहून जास्त बसत असेल तर प्रीलोड वाढवा.

पुष्कळांचे दुखणे एवढ्यावरच कमी होते.

मग पैसे खर्च करा

*हँडल रायझर :* २० ते ३० मिमीचे रायझर बहुतेकांना पुरतात. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली, क्लच केबल ताणली किंवा ब्रेकची नळी ओढली गेली तर रायझर जास्त झाला. तशी गाडी रस्त्यावर काढू नका. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणेच आवळा.

*उंच सीट :* २५ ते ३० मिमी फोम वाढवला तर गुडघा मोकळा होतो. पण सीट वर गेली की बसलेल्या माणसाला हँडल तेवढेच खाली वाटते, म्हणून दोन्ही बदल जोडीने विचारात घ्या. घरची माणसे मागे बसत असतील तर मागचा भागही त्याच अंदाजाने भरा आणि त्यांना चढता येते का ते बघा. दुसऱ्या कोणाला गाडी चालवायची असेल तर जुनी सीट जपून ठेवा.

*खाली केलेले फूटरेस्ट :* हा एकच बदल बसताना गुडघ्याला आणि उभे असताना पाठीला, दोन्हीला मदत करतो. पण आपल्याकडे इथेच सांभाळायचे. फूटरेस्ट खाली आले की खोल चाकोरीच्या काठाला आणि दगडाला आधी तेच लागतात. १५-२० मिमीच्या पुढे जाऊ नका, आणि गिअर-ब्रेकचे पेडलही तेवढेच खाली घ्या. रुंद फूटरेस्टचा फायदा मात्र नक्की होतो, ओल्या बुटाची पकड सुटत नाही.

काय करू नये

फूटरेस्टसाठी चासीला वेल्डिंग करून घेऊ नका. भर पांदणीत जोड तुटला तर पाय सरळ चाकाजवळ जातो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे नियम एकच. वॉरंटीतील गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

एका वेळी एकच बदल करा आणि रोजच्या वाटेवर दहा-पंधरा किमी चालवून बघा. जुनी जागा मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे परत फिरता येते. आठवडाभराने सगळे बोल्ट पुन्हा तपासा, कारण गिट्टीच्या रस्त्यावर नवे बसवलेले भाग आधी सैल होतात.