उताराचा न्याय

पाणी उताराकडे धावते, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. आंघोळीच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या लहान मुलासही ते ठाऊक असते. तथापि ठाऊक असणे निराळे आणि उमगणे निराळे. याच एका साध्या नियमाचे बोट धरून माणसाने नदीचे पाणी तिच्या पात्रापासून कोसच्या कोस दूर कसे नेले, आणि तो नियम कोठे अपुरा पडला, याचा इतिहास आमच्या मराठवाड्यापुरता तरी वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा मानस आहे.

जालन्याहून अंबडमार्गे येणारी वाट धुळे-सोलापूर राजमार्गास जेथे मिळते, तेथे वडीगोद्री हे गाव आहे. दक्षिणेस थोड्याच अंतरावर, शहागडापाशी, गोदावरी वाहते. गावाच्या परिसरातून पैठणच्या धरणाचा डावा कालवा जातो. पहिल्यांदाच तो पाहणाऱ्यास एक कोडे पडते. नदी तिकडे खाली, खोल पात्रात. आणि तिचेच पाणी इकडे उंचावरच्या शिवारात! ते येथवर चढले कसे?

उत्तर असे की, ते चढलेच नाही. कालवा पैठणास धरणातून निघतो तो नदीच्या पात्राहून उंच पातळीवर. तेथून नदी आपल्या उताराने खाली जाते. कालव्यास मात्र इंजिनिअर मुद्दाम फार मंद उतार देतो. हजारो फुटांच्या वाटेत एखादाच फूट. साहजिकच जसजसे पुढे जावे तसतशी नदी कालव्याच्या मानाने खोल जाते आणि दोहोंमधील पट्टा रुंदावतो. या पट्ट्यासच लाभक्षेत्र म्हणतात. सारांश, इंजिनिअर पाण्यास वर चढवीत नाही. खाली उतरण्यास त्याला विलंब लावतो, एवढेच. यातही तारतम्य हवे. उतार अधिक झाला तर पाणी काठ खरवडते. फार कमी झाला तर गाळ बसतो आणि गवत माजते.

ही विद्या आमच्या प्रांतास नवी नव्हे. मलिक अंबराने 1610 च्या सुमारास खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. त्या नगरास त्याने डोंगराकडील पाणी भूमिगत नहरेने, केवळ उताराच्या बळावर आणले. तेथील पाणचक्कीस मातीच्या बंद नळांतून पाणी येई. बंद नळातील पाणी मधला सखल भाग ओलांडून पुन्हा जवळजवळ मूळ उंचीपर्यंत वर येते. ते उंचावरून सोडून जाते फिरविण्याची युक्ती आजही पाहणाऱ्यास थक्क करते.

नगरास पाणी पाजणे एक आणि शेतास पाजणे दुसरे. गोदावरीच्या बाबतीत तर दुसरीच अडचण होती: नदी एक, पण राज्ये दोन. वरचे खोरे मुंबई इलाख्यात, पैठणपासूनचे निजामाच्या राज्यात. वरच्या अंगास प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले. खाली हैदराबाद संस्थानात योजना कागदावरच राहिली. ती योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावापाशी धरण बांधण्याची होती. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा जागा बदलून सुमारे 100 किलोमीटर वर, पैठणास गेली; नाव मात्र जुनेच राहिले. ज्या गावी धरण नाही त्याचेच नाव धरणास, ही गंमत अशी घडली.

18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. मध्यंतरी 1972 च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. सुमारे 10 किलोमीटर लांबीचा बांध, 27 दरवाजे, 208 किलोमीटरांचा डावा कालवा आणि 132 किलोमीटरांचा उजवा. जलाशयास एकनाथांच्या स्मरणार्थ नाथसागर म्हणतात. त्यासाठी शंभरावर गावांची जमीन पाण्याखाली गेली, हे लाभाचा हिशेब मांडताना विसरता कामा नये.

हिशेबाचेच बोलावयाचे तर आणखी एक गोष्ट पाहावी. नाथसागर पूर्ण भरला म्हणजे सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरतो, पण तो उथळ आहे. एवढ्या विस्तारावरून एक मीटर पाणी उन्हाने उडून गेले, तर ते 35 कोटी घनमीटर होते. उपयुक्त साठा सुमारे 217 कोटींचा. म्हणजे सहाव्या हिश्श्याचा धनी सूर्य! उरलेल्यातून कालव्यास निघालेले पाणी काही प्रमाणात जमिनीत मुरते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्या या चाळ्यांनी कालव्याचे अस्तर तडकते.

एवढ्यातून जे उरते ते कोणाचे? उताराचा न्याय सरळ आहे: जो वर, तो आधी. खोऱ्यात नाशिक-अहिल्यानगर वर आणि पैठण खाली. कालव्यावर मुखाकडील शेत वर आणि टोकाचे खाली. वडीगोद्रीच्या शेतकऱ्यास पैठणकडे पाहून जी तक्रार सुचते, तीच त्याच्या पुढच्या गावास वडीगोद्रीकडे पाहून सुचते. निसर्गाचा हा न्याय माणसाने दुरुस्त करावयाचा, म्हणून 2005 चा कायदा आला. खोऱ्यातील तूट सर्वांनी वाटून घ्यावी, हे त्याचे तत्त्व. पुढे मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये त्याचे गणित मांडले: ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीतील उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे. तंटे मिटले नाहीत, पण वादास आकड्यांचा आधार मिळाला. हा लाभ थोडा नव्हे.

मलिक अंबराच्या कारागिरांपुढे प्रश्न एकच होता, पाणी पोहोचेल कसे? तो आज सुटला आहे. पुढचा प्रश्न, पोहोचलेले पाणी मोजून, पाळीने, टोकापर्यंत द्यावयाचे कसे, तो उताराने सुटणारा नाही. तेथे पाणी नव्हे, मनुष्य वाकावा लागतो.